आधी बिऱ्हाड करा, मग ग्रामीण साहित्य शिकवा

तालुक्याच्या गावी भरणाऱ्या 'ग्रामीण साहित्य : स्वरूप आणि दिशा' छापाच्या चर्चासत्रांना एक ठरीव क्रम असतो. सकाळी दीपप्रज्वलन, मग बीजभाषण, मग जेवण, जेवणानंतर दोन सत्रांचे निबंधवाचन एकातच उरकणे आणि साडेचारच्या सुमारास प्रमाणपत्रांचे वाटप. पाहुणे मोटारीने निघून जातात, हे समजण्याजोगे आहे. पण त्यांच्यामागोमाग यजमानही निघतात. कोणी संगमनेरला, कोणी नाशिकला, कोणी नगरला. दिवसभर ज्यांनी 'मातीशी जोडलेली नाळ' हा शब्दप्रयोग निदान दहादा केला, त्यांच्यापैकी दिवेलागणीला त्या गावात कोणीही उरत नाही. मंडपाच्या खुर्च्या आवरायला शिपाई असतात आणि त्यांना हातभार लावायला विद्यार्थी.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : तालुक्याच्या गावी मराठी साहित्याचे अध्यापन निर्जीव झाले असेल, तर त्याचे मोठे कारण अभ्यासक्रमात किंवा 'वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासात' शोधण्याची गरज नाही. शिक्षक त्या गावात भाड्याने राहत नाहीत, हे ते कारण आहे. आणि शिक्षक राहत नाहीत याचा सगळा दोष शिक्षकांचा नाही. गाव त्यांना आणि त्यांच्याआधी विद्यार्थ्यांना घर कोणत्या अटींवर देते, हाही प्रश्न तितकाच मोठा आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र बोलल्या जात नाहीत. शिक्षकांना झोडपणारे घरमालकांविषयी गप्प असतात आणि घरमालकांच्या जातीयतेवर निबंध वाचणारे स्वतःच्या बसच्या वेळेविषयी गप्प असतात.

उदाहरणादाखल आम्ही अकोले घेतो. विदर्भातील अकोला नव्हे. अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे २०२४ पासून अहिल्यानगर जिल्ह्यातील, प्रवरेकाठचे अकोले. हे घेण्याचे कारण एवढेच की येथे सगळ्या गोष्टी स्वच्छ दिसतात. गाव लहान आहे. त्याच्या पश्चिमेला कळसूबाई, भंडारदरा, रतनगड, हरिश्चंद्रगड असा मोठा डोंगराळ मुलूख आहे. त्याला डांगाण म्हणतात. तेथील महादेव कोळी, ठाकर आणि इतर घरांतली मुले शिकण्यासाठी खाली राजूरला, कोतूळला, अकोल्याला येतात. येथून पुढे जे लिहीत आहोत ते अकोल्यातील कोणा एका संस्थेविषयी नाही. महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावाला ते लागू पडावे.

आजकाल शहर पायी फिरण्याजोगे असावे, शाळा, बाजार, ग्रंथालय, दवाखाना घरापासून चालत गाठता यावा, असे पुष्कळ बोलले जाते. पॅरिसच्या महापौर ॲन इदाल्गो यांनी २०२० च्या निवडणुकीत 'पंधरा मिनिटांचे शहर' ही कल्पना मांडली आणि आपल्याकडच्या रविवार पुरवण्यांना विषय मिळाला. पुण्यात डिसेंबर २०२१ मध्ये लक्ष्मी रस्त्याचा काही भाग एका दिवसासाठी वाहनांना बंद करून 'पादचारी दिन' साजरा झाला. पुणेकरांना स्वतःच्या रस्त्यावरून चालण्यासाठी एक दिवस नेमावा लागला. अकोल्यासारख्या गावाला अशा दिवसाची गरज नाही. बसस्थानक, बाजारपेठ, तहसील कचेरी, शाळा-महाविद्यालये, सिद्धेश्वराचे मंदिर, नदीचा काठ, असे सगळे माणसाच्या पायांच्या बेताचे आहे. ज्या गोष्टीसाठी मोठी शहरे सल्लागार नेमतात, ती गोष्ट या गावांत न मागता मिळालेली आहे. आणि जो वर्ग पुरवणीतला तो लेख वाचून मान डोलावतो, तोच वर्ग असे गाव सोडून रोज पन्नास-शंभर किलोमीटरची ये-जा करतो. या ये-जा करण्याला आपण 'अप-डाऊन' म्हणतो. मराठीच्या प्राध्यापकांनाही त्याला मराठी शब्द शोधावासा वाटला नाही, कारण शब्द शोधायला आधी त्या गोष्टीकडे नीट पाहावे लागते.

मराठीत याच्या उलट गोष्टीसाठी मात्र चांगला जुना शब्द आहे : बिऱ्हाड. घराच्या मालकीचा आपल्याला मोठा आदर. 'घर पाहावे बांधून' ही म्हण घर बांधणाऱ्याला अनुभवी ठरवते. भाड्याने राहणाऱ्याच्या वाट्याला 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आली. म्हणजे बांधणारा शहाणा आणि राहणारा विंचू. तरीही बिऱ्हाड या शब्दात एक क्रिया आहे. बिऱ्हाड करावे लागते, थाटावे लागते, हलवावे लागते. बिऱ्हाडकरूला शेजार असतो, वाण्याकडे खाते असते, दळण कोठे टाकायचे हे त्याला ठाऊक असते. 'भाडेकरू' हा त्यामानाने कोरडा, कराराच्या कागदावरचा शब्द. बिऱ्हाडकरूचा भाडेकरू झाला आणि भाडेकरूचा पासधारक प्रवासी झाला, असा हा उतरता क्रम आहे.

मराठी साहित्याने बिऱ्हाडाचे देणे किती आहे, हे साहित्याच्या शिक्षकांना सांगावे लागू नये. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ साली आली. ते सबंध पुस्तक बिऱ्हाडकरूंचे आहे. भालचंद्र नेमाडे यांनी तर १९७५ साली कादंबरीचे नावच 'बिढार' ठेवले. त्यापुढील 'हूल', 'जरीला' आणि 'झूल' या कादंबऱ्यांतून चांगदेव पाटील हा इंग्रजीचा अध्यापक एका गावच्या महाविद्यालयातून दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात जात राहतो. नेमाडे स्वतः अहमदनगर, धुळे, औरंगाबाद अशा गावी शिकवीत होते. या मालिकेवर आपण परात्मता, अस्तित्ववाद, देशीयता अशा सगळ्या अंगांनी टिपणे लिहून घेतो आणि लिहून देतो. त्या टिपणांत एक साधी गोष्ट कधी नसते : चांगदेव ज्या गावात शिकवतो त्या गावात राहतो. त्याला ते गाव आवडत नाही, तेथील संस्थाचालक आवडत नाहीत, सहकारी तर बहुतेक आवडत नाहीतच. पण रात्री दिवे गेल्यावर तो तेथे असतो. गावातल्या जातींची रचना, कंटाळा, चहाड्या, मैत्री हे सगळे त्याला दिसते, ते तो तेथे असल्यामुळे दिसते. चांगदेवाने अप-डाऊन केले असते, तर मराठीला चार कादंबऱ्यांऐवजी एसटीचे एक वेळापत्रक मिळाले असते.

अकोल्यापुरते बोलायचे तर याहून जुना दाखला गावातच आहे. प्रवरेकाठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे आणि गावाला त्याचा अभिमान आहे. पुराणातली कथा सर्वांना ठाऊक आहे. उत्तरेहून दक्षिणेकडे जाताना अगस्तींनी विंध्य पर्वताला सांगितले, मी परत येईपर्यंत असाच वाकून राहा. ते परत गेलेच नाहीत, आणि विंध्य वाकलेलाच राहिला. म्हणजे या गावाचे दैवत हा बाहेरगावाहून आलेला आणि परत न गेलेला एक शिक्षक आहे. अगस्ती सहाच्या गाडीने परतते, तर विंध्य त्याच रात्री उभा राहिला असता.

आता शिक्षकांच्या बाजूने जे सांगितले जाते त्याकडे वळू, कारण ती बाजू पोकळ नाही. जोडीदाराची नोकरी दुसऱ्या गावी असते. मुलांच्या शाळेचा प्रश्न असतो. म्हाताऱ्या आईवडिलांना मोठे रुग्णालय जवळ लागते. ही कारणे खरी आहेत आणि ज्यांना ती लागू आहेत त्यांच्याशी आमचे भांडण नाही. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांशी तर मुळीच नाही. ज्याला तासांप्रमाणे मानधन मिळते, तेही महिनोन्‌महिने उशिरा, आणि पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे ज्याला माहीत नाही, त्याने कोणत्या भरवशावर बिऱ्हाड करावे? पूर्णवेळ जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवून त्यांवर असे शिक्षक राबवणाऱ्या शासनाला 'शिक्षक गावात का राहत नाहीत' असे विचारण्याचा नैतिक अधिकार नाही.

शासन तो प्रश्न मधूनमधून विचारते, आणि ज्या पद्धतीने विचारते तीही पाहण्याजोगी आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी आणि इतर कर्मचाऱ्यांनी मुख्यालयी राहावे, हा नियम जुनाच. ग्रामविकास विभागाने २०१९ साली त्यासाठी ग्रामसभेचा ठराव मागितला. २०२२ साली गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी हा विषय विधानसभेत काढला, तेव्हा शिक्षक संघटना रस्त्यावर आल्या. दोन्ही बाजूंनी पुष्कळ आरडाओरडा झाला. त्या सगळ्या वादात प्रश्न एवढाच उरला की घरभाडे भत्ता घ्यावा की कापावा. ठराव, दाखला, पंचनामा या मार्गाने माणूस गावात राहत नाही. फार तर राहतो असा कागद तयार होतो. शिक्षक गावात का असावा, त्याच्या असण्याने तेथे काय घडते, हे ना आमदारांनी सांगितले ना संघटनांनी. ते सांगणे साहित्याच्या शिक्षकांचे काम होते. आपण त्या वेळीही बहुधा बसथांब्यावर होतो.

काय घडते ते आम्ही आमच्याच अनुभवावरून सांगतो, आणि तो अनुभव आमच्या बाजूने जाणारा नाही. आम्ही अकोल्यासारख्याच एका गावी सात वर्षे शिकवले. त्या सात वर्षांत तेथे तीन रात्री राहिलो. तिन्ही वेळा पावसाने रस्ता बंद होता म्हणून. त्यांपैकी एका संध्याकाळी दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी रस्त्यात भेटला. डोक्यावर पोत्याची खोळ आणि काखेत दळणाचा डबा. तो आणि त्याच्या गावची तिघे मिळून गिरणीमागे एका पत्र्याच्या खोलीत राहत होते. आम्हाला त्या वेळी त्या गावात पाहून त्याला आश्चर्य वाटले, ते त्याने लपवले नाही. बरोबर चालता चालता बराच वेळ गेल्यावर त्याने विचारले, 'सर, आमच्या घरच्या बोलीत लिहिलं तर मार्क जातात का?' त्याने एक गोष्ट लिहिली होती. तीत त्याची आजी जशी बोलते तशी बोलत होती. ती त्याने पुसून 'शुद्ध' केली होती आणि आता त्याला तिची लाज वाटत होती की पुसण्याची, हे त्याला कळत नव्हते.

त्याच आठवड्यात आम्ही वर्गात 'साहित्यातील बोलींचे महत्त्व' हा घटक संपवला होता. पाच मुद्दे, प्रत्येकी दोन उदाहरणे. तो पहिल्या बाकावर बसून ते उतरवून घेत होता. बोलीचे महत्त्व हा परीक्षेतला प्रश्न आहे आणि आपली बोली ही घरी सोडून येण्याची गोष्ट आहे, या दोन माहित्या त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी सुखाने नांदत होत्या. त्या एकमेकींना भेटल्या त्या रस्त्यावर, पावसात, चालताना. रस्ता बंद झाला नसता, तर तो प्रश्न आम्हाला कधीच विचारला गेला नसता. सात वर्षांत असे किती प्रश्न विचारले गेले नाहीत, याचा हिशेब आमच्याकडे नाही, आणि ती टोचणी घेऊनच आम्ही हे लिहीत आहोत.

'आता मोबाइल आहे, गट आहेत, विद्यार्थी केव्हाही विचारू शकतात' असे यावर सांगितले जाते. २०२० च्या टाळेबंदीत मोबाइलवरच्या वर्गांचा अनुभव सर्वांनी घेतला आहे. डोंगरातल्या गावांत रेंजसाठी टेकाडावर जाऊन बसणारी मुले तेव्हा बातम्यांत आली होती. पण रेंज असली तरीही असा प्रश्न गटावर टाकला जात नाही. तो विचारण्यापूर्वी बराच वेळ दुसरेच काहीतरी बोलावे लागते. त्यासाठी दोन माणसांचा रस्ता एक असावा लागतो.

इथवर शिक्षकांविषयी झाले. आता गावाविषयी.

समजा, एखाद्या शिक्षकाने किंवा शिक्षिकेने ठरवले की आपण येथेच राहायचे. खोल्या पुष्कळ आहेत. निवृत्त शिक्षकांची, पतसंस्थेतल्या नोकरदारांची, बागायतदारांची घरे आहेत आणि वरच्या मजल्याचे बांधकाम भाडे डोळ्यांसमोर ठेवूनच झालेले असते. पण खोली दाखवण्याआधी चौकशी होते. नाव विचारून भागत नाही, आडनाव हवे. आडनावावरून उलगडा झाला नाही, तर मूळ गाव, मग पाहुणे कोठले. घरी मटण-मासे होतात का, हा प्रश्न तोंडाने विचारायचा आणि मनात दुसराच विचारायचा, ही रीत सगळ्या महाराष्ट्रात एकसारखी आहे. मुसलमान असल्यास 'कालच दिली' असे उत्तर तयार असते. एकटी बाई असल्यास 'घरी कोण येणार-जाणार?' असा प्रश्न, आणि संध्याकाळी सातनंतर दाराची कडी. ज्या गावात सगळीकडे चालत जाता येते त्याच गावात सगळ्यांना सगळे दिसते, ही बाब आम्ही विसरलेलो नाही. पायी फिरण्याजोगे गाव हे पुरुषाला जितके मोकळे असते तितके एकट्या स्त्रीला नसते. जी शिक्षिका रोज दीड तास बसमध्ये उभी राहून संगमनेरला किंवा नाशिकला परतते, तिला आम्ही नाळेविषयी व्याख्यान देणार नाही.

या दाराशी उभे राहण्याचा इतिहास आपल्याला वाचून माहीत आहे. परदेशात शिकून आलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले आणि अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ सालचा. शीर्षककथेतला तरुण नोकरीच्या नव्या गावी जात लपवून राहतो आणि ती उघड झाल्यावर मार खातो. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि परिसरात भाड्याने घर शोधणाऱ्यांचा अभ्यास केला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातही हेच आढळले : नावावरून दलित किंवा मुसलमान ओळखू येणाऱ्यांना नकार मिळतो किंवा जादा अटी लागतात. आणि कायदा? सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबादच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा तिचा पोटनियम ग्राह्य धरला. खाजगी घरमालकाच्या 'नाही'ला तर कारण देण्याचीही सक्ती नाही.

बागूलांची कथा आपण शिकवतो. तिच्यावर दहा गुणांचा प्रश्न काढतो. पण आपल्यापैकी अनेकांनी कर्ज काढून दुमजली घरे बांधली आहेत आणि वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवले आहेत, हेही खरे आहे ना? त्या भाडेकरूला आपण काय काय विचारले होते? बागूलांवर प्रबंध लिहिणाऱ्याच्या जिन्यापाशी जर आडनावाची चौकशी होत असेल, तर तो प्रबंध वाचण्याचे कष्ट आम्ही का घ्यावेत? दलित साहित्याच्या समीक्षेला आजवर अनेक निकष लावून झाले. समीक्षकाने आपली खोली कोणाला दिली, हा निकष लावून पाहावा. तो सौंदर्यशास्त्रीय नाही, हे आम्हाला मान्य आहे.

या सगळ्यात ज्यांना निवडीची सोय नाही ते विद्यार्थी उरतात. घाटघर, साम्रद, रतनवाडी या बाजूच्या गावांतून रोज ये-जा करून अकोल्यात सकाळचा पहिला तास गाठणे अवघड. पावसाळ्यात तर बोलायलाच नको. वसतिगृहात जागा मिळाली तर ठीक, नाहीतर तीन-चार जणांनी मिळून 'खोली करायची'. गावाहून तांदूळ-नागली आणायची, पाळीपाळीने भाकरी थापायच्या आणि गावभर पायी फिरायचे. पायी फिरण्याजोग्या वस्तीत भाड्याने राहणारा खरा माणूस हा आहे. त्याच्याविषयी पुरवणीत लेख येत नाही.

शासनाने २०१६ साली आणलेली पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना अशा आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आहे. ज्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळत नाही, त्यांच्या बँक खात्यात भोजन, निवास आणि निर्वाहाची रक्कम जमा होते. तिच्या मूळ दरांत जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला एकूण ४३ हजार रुपये होते आणि त्यांपैकी निवासासाठी १२ हजार. म्हणजे महिन्याला एक हजार. आता दुसरी बाजू पाहा. सातव्या वेतन आयोगात सहाय्यक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. लहान गावांसाठी घरभाडे भत्त्याचा आरंभीचा दर ८ टक्के होता. महागाई भत्त्याबरोबर तो वाढत जातो. आरंभीच्याच दराने हिशेब केला तरी महिन्याला ४,६१६ रुपये होतात. ज्याला गावात राहण्यासाठी एक हजार मिळतात तो तेथे राहतो, आणि ज्याला साडेचार हजारांहून अधिक मिळतात तो राहत नाही. भत्ता हा वेतनाचा भाग आहे, तो घेणे बेकायदा आहे असे आम्ही म्हणत नाही. फक्त हे दोन आकडे शेजारी ठेवून मग 'विद्यार्थ्यांमध्ये चिकाटी उरली नाही' हे वाक्य म्हणून पाहावे.

आणि हाच विद्यार्थी खोली शोधायला निघतो तेव्हा त्याला काय ऐकावे लागते? 'डांगाणातली मुलं नकोत, चौघांची खोली घेतात आणि आठजण राहतात.' आठजण का राहतात, हे एक हजार रुपयांच्या हिशेबातून कळण्यासारखे आहे. मुलींची गोष्ट याहून बिकट. मुलींना खोली द्यायला जबाबदारी घेणारे कोणी लागते. तशी खोली मिळाली नाही की तिचे शिक्षण बारावीला थांबते, आणि आपण हजेरीपत्रकावरचे तिचे नाव लाल शाईने खोडतो. गावात राहणाऱ्या एखाद्या शिक्षकाने किंवा शिक्षिकेने घरमालकाला 'मी ओळखतो हिला' एवढे तीन शब्द सांगितले तर कधीकधी काम होते. ते तीन शब्द बसच्या खिडकीतून सांगता येत नाहीत.

आमच्यावर एक आक्षेप येईल तो आम्हीच नोंदवतो. लहान गावाचे हे गोडवे जुनेच नव्हेत काय? जेथून माणसे शहराकडे पळतात तेथे राहा म्हणून सांगणे हा भावडेपणा नव्हे काय? आम्ही गोडवे गायलेले नाहीत. आडनाव विचारणारे गाव आम्ही वर दाखवले आहे. पण गाव बदलते ते कशाने? मारुतीच्या पारावर समतेविषयी पत्रके वाटून ते फारसे बदलल्याचे आम्ही पाहिलेले नाही. ज्याला खोली द्यायची नव्हती त्याला ती नाइलाजाने द्यावी लागली, तो वरच्या मजल्यावर दोन वर्षे राहिला, त्याने मालकाच्या मुलीला दहावीचे मराठी शिकवले, मालकिणीच्या आजारपणात रात्री औषध आणले, अशा मार्गाने ते थोडे बदलते. हे सावकाश होते आणि अनेकदा होतही नाही. मात्र सहाच्या गाडीने जाणाऱ्याच्या बाबतीत ते होण्याची शक्यताच नाही.

तेव्हा नुसता संताप व्यक्त करून थांबू नये म्हणून काही साध्या सूचना. ज्या पूर्णवेळ शिक्षकाला कौटुंबिक अडचण नाही, त्याने आपल्या सेवेतील निदान पहिली तीन वर्षे महाविद्यालयाच्या गावी बिऱ्हाड करावे. दाखल्यासाठी नव्हे, कामासाठी. प्रत्येक मराठी विभागाने गावातील भाड्याच्या खोल्यांची यादी ठेवावी आणि प्रवेशाच्या आठवड्यात ती फळ्यावर लावावी. जो घरमालक जात, धर्म विचारतो त्याची खोली यादीत घेऊ नये, मग तो संस्थेचा पदाधिकारी असला तरी. ज्या शिक्षकांच्या स्वतःच्या खोल्या भाड्याने आहेत त्यांनी आधी त्या या यादीत द्याव्यात. आणि ग्रामीण किंवा आदिवासी साहित्यावरील चर्चासत्र एकदिवसीय असू नये. पाहुण्यांनी आणि यजमानांनी मधली रात्र त्याच गावात काढावी. विश्रामगृहात नव्हे, विद्यार्थी जेथे राहतात त्या आळीत. निबंधांची संख्या त्यामुळे निम्म्यावर येईल. तो तोटा मराठी साहित्याला सोसण्याजोगा आहे.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला आम्ही काय उत्तर दिले, असे कोणी विचारील. आम्ही म्हणालो, मार्क जात नाहीत, आजीला बोलू दे. तो बरे म्हणाला आणि खोलीकडे वळला. दुसऱ्या दिवशी रस्ता उघडला आणि आम्ही दुपारच्या गाडीने परतलो. गोष्ट त्याने पुन्हा लिहिली की नाही, हे विचारायचे राहून गेले. त्याची खोली आमच्या वर्गापासून दहा मिनिटांच्या अंतरावर होती.